संततिनियमनोत्तर आर्तवविचार : औषधाआधी तारीख पाहावी

गर्भनिरोधक गोळ्या अथवा इंजेक्शने काही वर्षे घेतल्यानंतर पाळी लांबली, स्राव अल्प झाला किंवा दिवस राहत नाहीत, ही तक्रार आता आपणा सर्वांच्याच परिचयाची झाली आहे. रुग्णा येते ती बहुधा एक निष्कर्ष मनाशी पक्का करूनच येते. 'गोळ्यांनी पिशवी खराब झाली' असे तिला शेजारणीने सांगितलेले असते, सासूने सांगितलेले असते, आणि खेदाने नमूद करावे लागते की क्वचित एखाद्या वैद्यानेही सांगितलेले असते. अशा रुग्णेस आपण काय सांगावे, काय द्यावे आणि काय देऊ नये, यासंबंधी आमचे मत वैद्यवर्गापुढे व औषधविक्रेत्या बंधूंपुढे ठेवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. यांतील बहुसंख्य स्त्रियांची पाळी व गर्भधारणक्षमता केवळ कालांतराने पूर्ववत होते. ज्यांची होत नाही, त्यांच्या बाबतीत कारण प्रायः अन्यत्र असते व ते शोधावे लागते. म्हणून शेवटचे औषध कोणत्या तारखेस घेतले हा पहिला प्रश्न आणि औषधयोजना ही त्यानंतरची गोष्ट. हा क्रम उलटा झाला की रुग्णेचा मोलाचा काळ वाया जातो आणि शास्त्राच्या पदरी अपश्रेय येते.

प्रश्न आताच का उद्भवला?

महाराष्ट्रास संततिनियमनाचा विचार नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात आपल्याकडे कुटुंबनियोजन म्हणजे 'ऑपरेशन' हेच समीकरण रूढ झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही राज्यातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांनी हाच मार्ग अवलंबिल्याचे दिसते. ऑपरेशन झालेली स्त्री 'पुन्हा मूल होईल ना?' असे विचारीत नाही. हा प्रश्न विचारते ती दोन अपत्यांत अंतर ठेवू पाहणारी किंवा पहिले अपत्य लांबणीवर टाकणारी स्त्री.

अशा स्त्रियांसाठी २०१७ पासून सरकारी आरोग्य सेवेत 'अंतरा' हे तिमाही इंजेक्शन व 'छाया' ही साप्ताहिक गोळी आली. 'माला-एन' व 'माला-डी' या गोळ्या त्यापूर्वीपासूनच प्रचारात होत्या. त्र्यंबक, हरसूल, पेठ या पट्ट्यातील स्त्रिया आशा कार्यकर्तीच्या सांगण्यावरून उपकेंद्रात इंजेक्शन घेतात. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीस जावे लागते, पुढची तारीख हुकते, कार्ड हरवते. मग पाळी येत नाही ती इंजेक्शनामुळे, गर्भामुळे की पांडुतेमुळे, हे त्या स्त्रीलाही ठाऊक नसते. शहरातील चित्र वेगळे असते. तेथे बीजग्रंथीच्या विकारासाठी, ज्यास सर्वसामान्यपणे पीसीओडी म्हणतात, 'पाळी नियमित करण्याकरिता' गोळ्या सुरू झालेल्या असतात आणि त्या चार-पाच वर्षे तशाच चालू राहिलेल्या असतात.

औषध थांबविल्यावर काय घडते?

या प्रश्नाचे उत्तर औषधागणिक भिन्न आहे. 'गर्भनिरोधक घेत होते' एवढ्या मोघम इतिवृत्तावर विसंबून चिकित्सा करणे म्हणूनच अयोग्य होय.

माला-डीसारख्या मिश्र गोळ्यांत २१ गोळ्या संप्रेरकयुक्त व ७ लोहाच्या असतात. या सात दिवसांत जो स्राव होतो तो संप्रेरक खंडित झाल्यामुळे होतो. बीजोत्सर्ग तर त्या काळात थांबविलेलाच असतो. अर्थात गोळ्यांवर महिन्याच्या महिन्यास येणारा स्राव हे खरे ऋतुचक्र नव्हे, आणि 'गोळ्या चालू असताना पाळी अगदी वेळेवर होती' या विधानावरून रुग्णेच्या मूळ प्रकृतीविषयी काहीच सिद्ध होत नाही. गोळ्या सुरू करण्यापूर्वी पाळी कशी होती, हा प्रश्न त्यामुळेच निर्णायक ठरतो. पूर्वी दोन-दोन महिने पाळी न येणाऱ्या स्त्रीस गोळ्या थांबविल्यावर पुन्हा तोच त्रास झाला, तर तो गोळ्यांनी निर्माण केलेला विकार नाही. गोळ्यांनी झाकून ठेवलेला विकार उघडा पडला, इतकेच.

गर्भधारणेविषयी आकडे पुरेसे स्पष्ट आहेत. गर्भधारणेच्या इच्छेने गोळ्या थांबविणाऱ्या सुमारे २ हजार युरोपीय स्त्रियांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात पहिल्याच चक्रात २१ टक्के व वर्षभरात ७९ टक्के स्त्रियांना दिवस राहिले. गोळ्या कधीच न घेतलेल्या जोडप्यांहून हे प्रमाण फारसे निराळे नाही. ब्रिस्टल येथील २००२ सालच्या अभ्यासात तर पाच वर्षांहून अधिक काळ गोळ्या घेतलेल्या स्त्रियांत गर्भधारणेस विलंब होण्याचे प्रमाण अधिक आढळले नाही, उलट कमीच आढळले. 'जितकी वर्षे गोळ्या, तितकी पिशवी निकामी' या समजुतीस आधार नाही, हे यावरून ध्यानी येईल.

अंतरा इंजेक्शनाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील १५० मिलिग्रॅम औषध स्नायूत साठून तीन महिने सावकाश पाझरते. वर्षभर इंजेक्शन घेतलेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी बंद होते. याचे कारण गर्भाशयाचे अंतःस्तर पातळ राहते आणि पडण्यासारखे काही तयारच होत नाही. रक्त आत साठून राहते ही समजूत चुकीची आहे. शेवटच्या इंजेक्शनापासून गर्भधारणा होण्यास सरासरी दहा महिने लागतात. बारा महिन्यांत ६८ टक्के, पंधरा महिन्यांत ८३ टक्के व अठरा महिन्यांत ९३ टक्के स्त्रिया गर्भवती होतात, आणि हा विलंब किती वर्षे इंजेक्शन घेतले यावर अवलंबून नसतो. छाया ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधली गेली. ती स्टेरॉइड संप्रेरक नव्हे. तीवर पाळीतील अंतर वाढू शकते, परंतु गोळी थांबविल्यावर काही महिन्यांत चक्र पूर्ववत होते.

ही औषधे निर्धोक आहेत असे आम्ही म्हणत नाही. इंजेक्शनाने आरंभीच्या महिन्यांत अनियमित अंगावर जाते, काहींचे वजन वाढते, वापराच्या काळात अस्थींची घनता घटते व थांबविल्यावर ती बहुतांशी भरून येते. मिश्र गोळ्या पस्तिशीपुढील धूम्रपान वा तंबाखू सेवन करणाऱ्या, रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असलेल्या किंवा नुकत्याच प्रसूत झालेल्या स्तनदा स्त्रीस योग्य नाहीत. १९८६ साली नेट-एन या इंजेक्शनाविरुद्ध स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा पूर्ण माहिती व संमती न घेता प्रयोग केले जातात हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्या आक्षेपाचे मर्म आजही टिकून आहे. पाळी बंद होऊ शकते हे जिला इंजेक्शनाआधी सांगितलेले नाही, ती पाळी बंद झाल्यावर भयभीत होणारच. त्या भयाचे निवारण करणे हे आपले काम आहे. त्यावर आपली उपजीविका चालविणे हे नव्हे.

'दूषीविष' म्हणावे काय?

आपल्यापैकी काही विद्वान या औषधांना दूषीविष वा गरविष संबोधून सरसकट शोधनाचा पुरस्कार करतात. 'शरीरात साठलेली संप्रेरके बाहेर काढणारे' संच व वटीही बाजारात आहेत. या मताशी आम्ही असहमत आहोत, आणि ते शास्त्राच्याच आधारे. दूषीविषाची कल्पना ही शरीरात दीर्घकाळ लीन होऊन राहणाऱ्या, जीर्ण व मंदवीर्य विषाची आहे. गोळीतील संप्रेरक शेवटच्या गोळीनंतर काही दिवसांत शरीराबाहेर पडते. जे उरलेच नाही त्याचे शोधन कसले करणार? इंजेक्शनातील औषध महिनोन्‌महिने राहते हे खरे, परंतु ते स्नायूतील साठ्यातून ठरावीक गतीने उतरते. विरेचनाने ती गती वाढते असे मानण्यास आधार नाही. पंचकर्म जेथे स्वतःच्या लक्षणांनी अभिप्रेत आहे तेथे अवश्य करावे. 'हार्मोन काढण्यासाठी' म्हणून ते विकू नये.

सुश्रुताचार्यांनी गर्भसंभवास ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही चार अंगे सांगितली, हे आपण पाठ केलेले असते. पण रुग्णा समोर येताच केवळ क्षेत्राचा विचार होतो. बीज हे उभयतांचे आहे. पतीची शुक्रपरीक्षा न करता स्त्रीस सहा-सहा महिने फलघृत देणे हे चतुर्विध सामग्रीच्या सिद्धांताशीच विसंगत नव्हे काय? ऋतू म्हणजे काळ, व त्यात वयही आले. चोविसाव्या वर्षी गोळ्या सुरू करून चौतिसाव्या वर्षी थांबविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत गोळ्यांपेक्षा मधली दहा वर्षे अधिक बोलतात. अंबू म्हणजे पोषण, आणि राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुग्रस्त असल्याचे वरील पाहणीच सांगते.

आर्तवक्षय व नष्टार्तव यांतील भेदही येथे महत्त्वाचा आहे. नष्टार्तवात मार्ग दोषांनी आवृत असतो. तेथे आग्नेय, तीक्ष्ण द्रव्यांनी प्रवर्तन करावे, हे युक्तच आहे. परंतु इंजेक्शनावरील स्त्रीमध्ये मार्गावरोध नसून रजाची निर्मितीच झालेली नसते. तिला कासीस, हिंग व एलियायुक्त रजःप्रवर्तिनी वटी देऊन काय साधणार?

चिकित्सेचा क्रम

आमच्या मते क्रम असा असावा. प्रथम औषधाचे नाव, शेवटची मात्रा व तिची तारीख लिहून घ्यावी. अंतराचे कार्ड असल्यास ते पाहावे. दुसरे, पाळी न आलेल्या प्रत्येक स्त्रीची मूत्रपरीक्षा करून गर्भ नाही याची खात्री करावी. गर्भनिरोधक थांबविल्यावर पहिला बीजोत्सर्ग हा पहिल्या पाळीच्या आधी होत असल्याने, एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. ही परीक्षा न करता कोणतेही आर्तवप्रवर्तक देणे हा आम्ही अक्षम्य प्रमाद मानतो. तिसरे, गोळ्यांपूर्वीचा पाळीचा इतिहास, वजनातील वाढ, स्तनातून स्राव, चेहऱ्यावरील केस, गळ्याची सूज, प्रसूती वा गर्भपातानंतरचा ताप यांविषयी विचारावे.

गोळ्या थांबवून तीन महिने झाले नसतील, किंवा शेवटच्या इंजेक्शनाला वर्ष झाले नसेल व अन्य लक्षण नसेल, तर रुग्णेस धीर द्यावा. या काळात अग्निदीपन, अपानाचे अनुलोमन, पांडुतेची चिकित्सा, योग्य आहार व झोप इतके पुरे. गर्भधारणेची इच्छा असल्यास फॉलिक आम्लाची गोळी सुरू करण्यास सांगावे. पारद वा नाग यांचे कल्प या काळात कटाक्षाने टाळावेत.

तो काळ उलटूनही पाळी आली नाही, तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन व सोनोग्राफी करवून घ्यावी. कफ-मेदप्रधान रुग्णेस लंघन, व्यायाम, लेखन द्रव्ये यांचा उपयोग करावा. कृश, रूक्ष, पांडुग्रस्त रुग्णेस बृंहण, शतावरी, सिद्ध घृत व बस्ती. एकाच तक्रारीस दोन विरुद्ध चिकित्सा लागतात, म्हणूनच एकाच बाटलीत सर्वांचे उत्तर सापडत नाही. पस्तिशीच्या आत वर्षभर व पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. इंजेक्शन घेतलेल्या स्त्रीच्या बाबतीत त्यातील अपेक्षित विलंब ध्यानी घेऊन ही मुदत मोजावी. रुग्णा पाठविण्यात कमीपणा नाही, अडवून धरण्यात आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. शेवटच्या इंजेक्शनानंतर सातव्या महिन्यात औषध सुरू केले व दहाव्या महिन्यात दिवस राहिले, तर तो आपल्या औषधाचा गुण की काळाचा? वर दिलेले आकडे पाहता असे श्रेय घेणे शास्त्रनिष्ठेस धरून नाही. आपल्या औषधांचा गुण सिद्ध करावयाचा असेल तर प्रत्येक वैद्याने पाच नोंदी ठेवाव्यात : औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख, पूर्वीचे चक्र, आपल्या चिकित्सेची आरंभतारीख आणि पाळी वा गर्भधारणेची तारीख. अशा नोंदी शेकड्यांनी जमल्या, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांच्याही प्रामाणिकपणे ठेवल्या गेल्या, तरच आपल्या म्हणण्यास वजन येईल. आपल्या त्रैमासिकाने त्यासाठी नमुना छापावा, अशी आमची सूचना आहे.

क्षेत्रस्थानाचा विशेष प्रश्न

त्र्यंबकेश्वरी राहून चिकित्सा करताना याच विषयाची एक निराळी बाजू दिसते. नारायण नागबलीचा विधी तीन दिवसांचा. संततीच्या इच्छेनेही अनेक दांपत्ये येथे येतात. मुहूर्त आधी ठरलेला असतो, म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या, म्हणजेच नॉरएथिस्टेरॉन, घेतल्या जातात. श्रावण, गणपती, नवरात्र व घरची लग्नकार्ये यांतही हेच चालते. येत्या सिंहस्थात ही मागणी वाढेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु अपत्यासाठी देवाच्या दारी आलेली स्त्री त्याच महिन्यात आपले चक्र संप्रेरकाने अडविते, आणि कदाचित त्याच वेळी तिला दिवस राहिलेले असण्याचाही संभव असतो, हा विरोधाभास कोणी तरी तिच्या ध्यानी आणून द्यावयास हवा. एकदा घेतलेल्या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. गोळ्या थांबविल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव होतो, आणि न झाल्यास गर्भपरीक्षा आवश्यक ठरते. मात्र मोठ्या मात्रेत या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये परिवर्तित होतो. त्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास किंवा यकृताचा विकार असलेल्या स्त्रीस ते धोक्याचे आहे. कारण न कळलेला रक्तस्राव होत असतानाही ते देऊ नये. वर्षातून चार-पाच वेळा दुकानातून परस्पर घेण्याचे हे औषध नव्हे. सोय असेल तेथे पाळीचे दिवस पाहून मुहूर्त घ्यावा, हा त्याहून साधा उपाय आहे, आणि तो यजमानास सुचविण्यास वैद्याने संकोच करू नये.

औषधविक्रेत्यांस विनंती

'पाळी आणण्याचे औषध द्या' असे म्हणत काउंटरवर येणाऱ्या स्त्रीच्या किंवा तिच्या पतीच्या मागणीत तीन शक्यता दडलेल्या असतात : साधा विलंब, गर्भनिरोधकाचा परिणाम किंवा नको असलेला गर्भ. तिसरी शक्यता असेल तर आर्तवप्रवर्तक आसवाची बाटली तिचा प्रश्न सोडवीत नाही, फक्त दोन-तीन आठवडे वाया घालविते. तिला १९७१ च्या कायद्याखालील मान्यताप्राप्त केंद्राकडेच जावे लागते. म्हणून औषधाआधी शेवटच्या पाळीची तारीख विचारावी व गर्भपरीक्षेची पट्टी पुढे करावी. तिची किंमत किरकोळ आहे, तिने टळणारा अनर्थ मोठा आहे.

जाहिरातींबाबतही सावधगिरी हवी. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार पाळीच्या विकारांचे निवारण व स्त्री-वंध्यत्व यांवरील औषधांची सर्वसामान्य जनतेसाठी जाहिरात करण्यास मनाई आहे. दुकानाबाहेरील फलक, पत्रके व मोबाइलवरून फिरणारे मजकूर यांतून सुटत नाहीत. 'गोळ्यांनी आलेले वंध्यत्व हमखास बरे' हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने आक्षेपार्ह आणि शास्त्राच्या दृष्टीने असत्य आहे.

समारोप

शेवटी एका परिणामाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'गोळ्यांनी पिशवी खराब होते' हे वाक्य वैद्याच्या तोंडून बाहेर पडले की ते एका रुग्णेपाशी थांबत नाही, पाड्यावर पोहोचते. मग पंधरा महिन्यांच्या अंतराने दुसरी, तिसरी गर्भधारणा होते, आधीच पांडुग्रस्त असलेली माता प्रत्येक प्रसूतीत आणखी खचते, आणि अंगावरचे मूल अकाली तुटते. या हानीची नोंद कोणाच्याही चिकित्सालयात होत नाही. तरीही तिचे उत्तरदायित्व त्या एका वाक्याकडे जाते.

गर्भनिरोधक घ्यावे की न घ्यावे, कोणते घ्यावे, कधी थांबवावे, हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. तिला खरी माहिती देणे, थांबविल्यानंतरचा काळ शांतपणे मोजणे, विकार असेल तर तो वेळीच ओळखणे व आपल्या शास्त्राचे सामर्थ्य जेथे आहे तेथे ते पूर्णत्वाने वापरणे, हा वैद्याचा धर्म आहे. वैद्यबंधू-भगिनींनी या मताचा साधकबाधक विचार करावा, मतभेद असल्यास ते अवश्य कळवावेत, आणि उद्याच्या रुग्णेपासूनच केसपेपरवर पहिल्या ओळीत शेवटच्या मात्रेची तारीख लिहिण्यास आरंभ करावा, ही नम्र विनंती.